ई-पासपोर्टची किल्ली कुठे असते?

नाशिकरोडच्या इंडिया सिक्युरिटी प्रेसमधून निघणाऱ्या नव्या पासपोर्टच्या मुखपृष्ठावर खालच्या बाजूला एक छोटं सोनेरी चिन्ह असतं: आयत आणि मधोमध वर्तुळ. आत चिप आहे, याची ती खूण. चिपला बॅटरी नसते. वाचणाऱ्या यंत्राजवळ नेली की त्याच्याच चुंबकीय क्षेत्रातून तिला वीज मिळते आणि १३.५६ मेगाहर्ट्झवर ती बोलू लागते. दुकानात टेकवायचं बँकेचं कार्ड आणि मोबाइलमधलं एनएफसी, म्हणजे जवळ नेऊन माहिती देण्या-घेण्याचं तंत्रही, याच लहरींवर चालतं.

नोकिया, फिलिप्स आणि सोनी यांनी २००४ मध्ये एनएफसी फोरम स्थापन केलं. पल्ला जेमतेम काही सेंटिमीटरचा, म्हणजे धोका नाही, असा त्या काळी सर्रास समज होता. पुढच्या बऱ्याच चुका मला याच समजुतीतून आलेल्या दिसतात. २००५ मध्येच केंब्रिजमध्ये रिले हल्ला करून दाखवला गेला. एक उपकरण कार्डाजवळ, दुसरं यंत्राजवळ आणि दोघांमध्ये रेडिओ. कार्ड मालकाच्या खिशात, व्यवहार मात्र ५० मीटरवर! २००८ पर्यंत 'मायफेअर क्लासिक' या जगभर वापरल्या जाणाऱ्या कार्डाचं गुप्त ठेवलेलं कुलूपही संशोधकांनी उघडलं. निर्माती कंपनी एनएक्सपी कोर्टात गेली, पण संशोधन छापण्यावर बंदी मिळाली नाही.

पासपोर्टलाही असाच धडा शिकावा लागला. अमेरिकेने सुरुवातीला चिपमधली माहिती उघडीच ठेवायचं ठरवलं होतं. मोठा विरोध झाल्यावर कव्हरमध्ये धातूचा थर आला आणि चिपला कुलूप लागलं. त्या कुलपाची किल्ली फोटोच्या पानावर तळाशी असलेल्या दोन ओळींतून तयार होते: पासपोर्ट क्रमांक, जन्मतारीख, मुदत संपण्याची तारीख. म्हणजे पान उघडून दाखवल्याशिवाय चिप बोलत नाही. पण त्याच पानाच्या झेरॉक्स आपण एजंटाकडे, हॉटेलात, व्हॉट्सअ‍ॅपवर किती सहज देतो! क्रमांक ओळीने दिलेले असले तर ही किल्ली अंदाजानेही सापडू शकते, हे हॉलंडच्या पासपोर्टवर दिसून आलं. नंतर 'पेस' ही अधिक भक्कम पद्धत आली. माहितीत कुणी फेरफार केलाच, तर सरकारची डिजिटल सही जुळत नाही.

भारतात पहिला ई-पासपोर्ट जून २००८ मध्ये राष्ट्रपती प्रतिभाताई पाटील यांना मिळाला. सामान्य नागरिकांसाठीचा प्रायोगिक टप्पा सुरू व्हायला १ एप्रिल २०२४ उजाडावा लागला.

बँक कार्डांच्या बाबतीत रिझर्व्ह बँकेने नुकसानीलाच मर्यादा घातली. पिनशिवाय नुसतं कार्ड टेकवून एका वेळी २०१५ मध्ये २,००० रुपये, १ जानेवारी २०२१ पासून ५,०००. ऑक्टोबर २०२० पासून नव्या कार्डावर टेकवून पैसे देण्याची ही सोय मुळात बंदच येते, ग्राहकाने सुरू केली तरच चालते. घरातल्या वडीलधाऱ्यांचं कार्ड फक्त एटीएमपुरतंच वापरलं जात असेल, तर बँकेच्या अ‍ॅपमधलं ते बटण बंदच राहू द्यावं.