गुदभ्रंशाची दुर्बिणीद्वारे शस्त्रक्रिया

मलाशय आपल्या सर्व थरांसह गुदद्वारातून बाहेर घसरते त्या विकारास गुदभ्रंश म्हणतात. पोटावर अर्धा ते एक सेंटिमीटरची तीन-चार छिद्रे घेऊन, दुर्बिणीच्या साहाय्याने ते मलाशय वर उचलून त्रिकास्थीला, म्हणजे कमरेच्या मणक्यांखालच्या हाडाला, बांधण्याची ही शस्त्रक्रिया आहे. मोठ्यांमध्ये हा विकार प्रामुख्याने पन्नाशीपुढील स्त्रियांना होतो. बाळंतपणे आणि जुनाट बद्धकोष्ठता ही कारणे सांगितली जातात, तथापि मूल न झालेल्या स्त्रियांतही तो आढळतो. लहान मुलांत तो बहुधा शौचाच्या सवयी सुधारल्यावर आपोआप बरा होतो.

सांगली-सातारा भागात या तक्रारीला ‘अंग बाहेर येणे’ म्हणतात. गर्भाशय खाली उतरण्यालाही हेच शब्द वापरले जात असल्याने, आणि बाहेर आलेला भाग मूळव्याधीचा मोड समजला जात असल्याने, निदान अनेकदा लांबते. वास्तविक फरक नुसत्या डोळ्यांना दिसतो : गुदभ्रंशात बाहेर आलेल्या भागावर एकात एक वर्तुळाकार वळ्या असतात, तर मोडांमधील खाचा चाकाच्या आऱ्यांसारख्या मध्यापासून बाहेर गेलेल्या असतात. मात्र त्यासाठी रुग्णाला उकिडवे बसवून कुंथायला लावावे लागते. पलंगावर आडवे झोपवून केलेल्या तपासणीत काहीच दिसत नाही, असे होऊ शकते.

सुश्रुतसंहितेत गुदभ्रंशाची गणना क्षुद्ररोगांत, म्हणजे किरकोळ मानलेल्या रोगांत, केली आहे. शेकून व तेल लावून गुद आत बसवावे आणि मध्ये छिद्र असलेल्या कातड्याचा गोफणाबंध बांधावा, असा तिथला उपचार आहे. ज्वारीच्या शेतात पाखरे हाकणाऱ्या गोफणीचा आकार ज्यांनी पाहिला आहे, त्यांना या बंधाची कल्पना सहज येईल.

आधुनिक शस्त्रक्रियेत निर्णायक प्रश्न छिद्र किती लहान हा नसून मलाशय कोणत्या बाजूने मोकळे करायचे हा आहे. पूर्वीच्या पद्धतींत ते मागून व बाजूंनी सोडवले जाई. त्यात चेतातंतू दुखावण्याचा धोका राही, आणि अंग आत राहिले तरी बद्धकोष्ठता वाढल्याची तक्रार अनेक रुग्ण करीत. बेल्जियममधील ल्यूव्हेनचे शल्यचिकित्सक आंद्रे डोर व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या पद्धतीत केवळ पुढची बाजू मोकळी केली जाते. पूर्ण भूल दिल्यावर पोटात कार्बन डायऑक्साइड भरून रुग्णाचे डोके खाली कलते करतात, म्हणजे लहान आतडे वर सरकून ओटीपोट मोकळे होते. मग योनी व मलाशय यांमधील पडदा उलगडून आधारासाठी शरीरातच ठेवायच्या वैद्यकीय जाळीची अरुंद पट्टी मलाशयाच्या पुढच्या भिंतीला टाक्यांनी शिवतात आणि तिचे वरचे टोक त्रिकास्थीच्या पुढे आलेल्या कडेला पक्के करतात. उजवी मूत्रवाहिनी व चेतातंतू तेथून अगदी जवळून जात असल्याने ही पायरी अनुभवी हाताची मानली जाते. शेवटी पोटाचे अस्तर जाळीवर शिवून घेतात, जेणेकरून आतडे तिला चिकटू नये.

रुग्ण बहुधा दोन-तीन दिवसांत घरी जातो. त्यानंतर काही आठवडे पाण्याची घागर, वैरणीचा भारा किंवा उसाची मोळी उचलायची नसते, आणि घरात कामाला दुसरे कोणी नसेल तर हेच पथ्य सर्वांत अवघड जाते. मलावरील ताबा सुधारायला महिने लागतात व तो प्रत्येकाला पूर्ण परत मिळतोच असे नाही. अंग पुन्हा उतरणे आणि क्वचित जाळी योनीच्या किंवा मलाशयाच्या भिंतीतून वर येणे, हे धोके शस्त्रक्रियेपूर्वी रुग्णाला सांगणे आवश्यक असते.

१८९४ मध्ये सुरू झालेल्या वॉनलेस रुग्णालयापासून मिरज वैद्यकीय नगरी म्हणून ओळखली जाते. जत, कवठे महांकाळ आणि सीमेपलीकडील कर्नाटकातूनही रुग्ण उपचारांसाठी तेथे येतात. पूर्ण भूल न झेपणाऱ्या वृद्धांसाठी पोट न उघडता, कमरेखालची भूल देऊन गुदद्वाराकडून करावयाची डेलॉर्म किंवा आल्टमायर शस्त्रक्रिया हा पर्याय असतो.