टर्मिनलला ॲरो की कळते कशी?

लिनक्सच्या टर्मिनलमध्ये, म्हणजे कमांड टाइप करायच्या खिडकीत, 'कॅट' ही कमांड नुसतीच चालवा आणि वरच्या बाणाची की दाबा. कर्सर वर जात नाही. टोपीचं चिन्ह, दोन चौकोनी कंस आणि कॅपिटल ए अशी चार चिन्हं उमटतात. प्रोग्रामला कीबोर्ड दिसतच नाही, त्याला फक्त अक्षरांचा प्रवाह मिळतो. अक्षरांना आकडे नेमून देणाऱ्या आस्कीच्या तक्त्यात बाणासाठी जागा नाही. म्हणून टर्मिनल तीन बाइट पाठवतं: २७, ९१ आणि ६५, म्हणजे एस्केप (पडद्यावर तो टोपी आणि कंस असा दोन चिन्हांनी दिसतो), उघडणारा चौकोनी कंस आणि ए. खालच्या बाणाला शेवटी बी, उजव्याला सी, डाव्याला डी. ही पद्धत रूढ केली ती डेक या कंपनीच्या १९७८ सालच्या व्हीटी१०० टर्मिनलने. ते यंत्र कधीच अडगळीत गेलं, त्याची भाषा मात्र आजही चालू आहे.

पण हे बाइट प्रोग्रामच्या हाती लगेच येत नाहीत. एरवी एंटर दाबेपर्यंत सिस्टीम अख्खी ओळ स्वतःकडे धरून ठेवते. प्रत्येक की तत्क्षणी हवी असेल, तर टर्मिनल 'रॉ मोड'मध्ये न्यावं लागतं. बाहेर पडताना ते पूर्ववत करायचं राहिलं, किंवा प्रोग्राम मध्येच कोसळला, की टाइप केलेलं काहीच दिसेनासं होतं. तेव्हा न दिसणाऱ्या अक्षरांत 'रीसेट' ही कमांड टाइप करून एंटर मारायचं. सहसा गाडी रुळावर येते.

खरी गोची होते ती एस्केप कीची. ती एकटी दाबली तर २७ येतो, आणि बाण दाबला तरी आधी २७च येतो. मग ओळखायचं कसं? थोडं थांबून. ठरावीक वेळात पुढचा बाइट आला तर बाण, नाही आला तर एस्केप. एनकर्सेस ही टर्मिनलवरचे प्रोग्राम लिहिण्यासाठीची लायब्ररी (तयार कोडचा संच) मुळात १००० मिलिसेकंद, म्हणजे पुरा एक सेकंद वाट पाहते. ही मुदत फार कमी केली, तर संथ नेटवर्कवर एकाच बाणाचे तुकडे पडून भलतंच काही घडतं. एवढ्या नाजूक निर्णयासाठी घड्याळाचा आधार घ्यावा लागतो, हे मला तरी जुगाडच वाटतं.

कंट्रोल कीसोबत अक्षर दाबलं, तर हिशोब त्यामानाने सरळ आहे: कॅपिटल अक्षराच्या आकड्यातून ६४ वजा करायचे. सी म्हणजे ६७, म्हणून कंट्रोल-सी ३. पण याच हिशोबाने कंट्रोल-आय ९ होतो, आणि टॅबही ९च. कंट्रोल-एम आणि एंटर, दोन्ही १३. साध्या टर्मिनलमध्ये या जोड्या वेगळ्या ओळखताच येत नाहीत. नुसती शिफ्ट दाबली तर काहीच पोहोचत नाही.

विंडोजची तऱ्हा निराळी. तिथे गेटसीएच हे फंक्शन विशेष कीसाठी आधी ० किंवा २२४ देतं. ते पुन्हा बोलावलं की खरा कोड मिळतो, वरच्या बाणाचा ७२, खालच्याचा ८०. मात्र ७२ हाच कॅपिटल एचचाही आकडा आहे, त्यामुळे पहिला आकडा न तपासणारा प्रोग्राम बाण दाबल्यावर एच छापून मोकळा होतो. की दाबली कधी आणि सोडली कधी हेही हवं असेल, तर विंडोजमध्ये रीडकन्सोलइनपुट हे फंक्शन वापरतात. लिनक्सवर किटी या टर्मिनलने तशीच सोय करणारा नवा प्रोटोकॉल आणला आहे. प्रोग्रामने तो मागून घेतला की एस्केपसाठी वेगळी खूण येते आणि वाट पाहायची गरज उरत नाही.