आय-१४० मंजूर झाला म्हणजे ग्रीन कार्ड मिळाले का?

अमेरिकेत एच-१बी व्हिसावर नोकरी करणाऱ्या मुलाचा किंवा मुलीचा ‘आय-१४० अप्रूव्ह झाला’ असा फोन येतो आणि घरचे सगळ्यांना ‘ग्रीन कार्ड झाले’ असे कळवून मोकळे होतात. आनंद खरा असतो, पण बातमी चुकलेली असते. आय-१४० ही कर्मचाऱ्याला ग्रीन कार्ड मिळावे म्हणून सहसा कंपनीने केलेली मागणी असते. ग्रीन कार्ड आय-४८५ या दुसऱ्याच अर्जावर मिळते, आणि जन्माने भारतीय असलेल्यांच्या बाबतीत या दोन मंजुऱ्यांमध्ये दहा वर्षांहूनही अधिक काळ जाऊ शकतो. या मधल्या काळातच नोकरी बदलायची का, मुलांचे काय करायचे हे ठरवावे लागते. म्हणून हा फरक नीट समजून घेतला पाहिजे.

आय-१४० मंजूर झाल्याची सूचना हातात घेऊन पाहावी. त्यावर ‘पिटिशनर’ म्हणून सहसा कंपनीचे नाव असते आणि कर्मचाऱ्याचे नाव ‘बेनिफिशियरी’ म्हणून येते. म्हणजे मागणी कंपनीने केलेली असते आणि तपासलेही तेवढेच जाते: नोकरी खरी आहे का, ठरलेला पगार देण्याची कंपनीची ऐपत आहे का, आणि त्या जागेसाठी लागणारे शिक्षण व अनुभव या माणसाकडे आहे का. (असाधारण गुणवत्तेच्या किंवा राष्ट्रीय हिताच्या प्रवर्गात माणूस स्वतःसाठीही हा फॉर्म भरू शकतो, तेव्हा दोन्ही रकान्यांत त्याचेच नाव येते.) आय-४८५ मात्र प्रत्येकाचा स्वतःचा असतो, नवरा, बायको आणि मूल यांचे तीन वेगळे अर्ज जातात. तिथे माणूस तपासला जातो: तो देशात रीतसर आला का, व्हिसाचे नियम पाळले का, गुन्ह्याची नोंद आहे का, वैद्यकीय तपासणीत काय आढळले.

आय-१४० च्या सूचनेवरची सर्वांत मोलाची नोंद म्हणजे ‘प्रायोरिटी डेट’, ग्रीन कार्डाच्या रांगेतली आपली जागा ठरवणारी तारीख. कंपनीने श्रम खात्याकडे पर्मचा, म्हणजे त्या जागेसाठी अमेरिकेत योग्य माणूस मिळत नसल्याच्या प्रमाणपत्राचा, अर्ज ज्या दिवशी दाखल केला, ती ही तारीख. पर्म लागत नसेल तर आय-१४० दाखल झाल्याची. नोकरीच्या आधारे वर्षाला साधारण १,४०,००० ग्रीन कार्डे दिली जातात, त्यांत कुटुंबीयही मोजले जातात, आणि कोणत्याही एका देशाच्या वाट्याला सर्वसाधारणपणे सात टक्क्यांहून जास्त येत नाहीत. इथे देश जन्मावरून ठरतो, नागरिकत्वावरून नव्हे. जोडीदाराचा जन्म दुसऱ्या देशातला असेल तर त्या देशाच्या रांगेचा लाभ घेता येतो, हे अनेकांच्या लक्षातच येत नाही. परराष्ट्र खाते दर महिन्याला व्हिसा बुलेटिन काढते, आणि त्यातल्या तारखेपर्यंत आपला क्रमांक आल्याखेरीज आय-४८५ भरताच येत नाही. तारीख आधीपासूनच ‘करंट’ असेल, म्हणजे आपली पाळी आलेली असेल, तर दोन्ही फॉर्म एकाच वेळी पाठवता येतात, आणि बराचसा गोंधळ तिथूनच सुरू होतो. जलद निर्णयासाठीचे प्रीमियम शुल्क भरून बहुतेक प्रवर्गांत १५ कामकाजाच्या दिवसांत निर्णय मिळतो तो आय-१४० चा; त्याने रांग तसूभरही पुढे सरकत नाही.

तरीही आय-१४० ला कमी लेखू नये. एच-१बीची सहा वर्षांची मर्यादा संपल्यावरही, तारीख करंट नसेल तर, त्याच्या आधारे तीन-तीन वर्षांची मुदतवाढ मिळते. २०१५ पासून एच-४ वरच्या (एच-१बीधारकाच्या कुटुंबीयांसाठीच्या व्हिसावरच्या) जोडीदाराला त्यामुळेच काम करण्याचा परवाना मागता येतो. मंजुरीला १८० दिवस झाल्यानंतर कंपनीने पिटिशन मागे घेतले, तरी केवळ त्या कारणाने मंजुरी रद्द होत नाही.

खरा फरक जाणवतो तो नोकरी बदलताना. हाती केवळ आय-१४० असेल तर सामान्यतः नव्या कंपनीला पर्म आणि आय-१४० पुन्हा पहिल्यापासून करावे लागतात. फसवणूक किंवा गंभीर चूक आढळली नसेल तर जुनी प्रायोरिटी डेट तेवढी टिकते. आय-४८५ दाखल होऊन १८० दिवस उलटले असतील, तर त्याच किंवा तत्सम स्वरूपाच्या कामावर नव्या पर्मशिवाय जाता येते. ही सोय २००० सालच्या कायद्याने दिली. माझ्या ओळखीच्या एका गृहस्थांनी पहिल्या मंजुरीला दुसरी समजून नोकरी सोडली आणि नव्या ठिकाणी पर्मपासून सुरुवात करावी लागेल हे कळल्यावर ते हादरून गेले. विचारायला हवे होते एवढेच, की मंजूर झाले ते नेमके काय.

आय-४८५ प्रलंबित असताना कामाचा परवाना आणि अॅडव्हान्स पॅरोल, म्हणजे देशाबाहेर जाऊन परतण्याची आगाऊ परवानगी, मागता येतो. हा पॅरोल हाती येण्याआधी देशाबाहेर पडल्यास अर्ज सोडून दिल्याचे मानले जाते. वैध एच किंवा एल (कंपनीअंतर्गत बदलीच्या) व्हिसावर परतणाऱ्यांना यातून सूट आहे. आईवडिलांच्या आजारपणाचा निरोप आला की माणूस पहिले विमान गाठतो, म्हणून हा नियम आधीच माहीत असलेला बरा.

मुलांच्या बाबतीत दोन्ही कागद एकमेकांत गुंततात. २१ वर्षे पूर्ण झाली की मूल आईवडिलांच्या अर्जातून बाहेर पडते. मात्र २००२ च्या कायद्यानुसार आय-१४० जितके दिवस प्रलंबित होता, तितके दिवस त्याच्या वयातून वजा होतात. साहजिकच प्रीमियमने झटपट मंजुरी घेतलेल्यांच्या वाट्याला ही वजावट अगदी थोडी येते.

आय-४८५ मंजूर झाला की येणाऱ्या कार्डावर, माणूस कायम रहिवासी केव्हापासून झाला, ती तारीख छापलेली असते. नागरिकत्वासाठी लागणारी पाच वर्षे तिच्यापासून मोजतात. आय-१४० च्या मंजुरीनंतर रांगेत काढलेली वर्षे त्यांत धरली जात नाहीत.