न पाठवलेलं पॅकेट

रॉब टोपोल्स्की हे अमेरिकेतल्या ओरेगन राज्यातले नेटवर्क इंजिनिअर. चौघांनी वाद्यांशिवाय गायच्या 'बार्बरशॉप' गाण्यांचा त्यांना नाद. २००७ मध्ये अशी जुनी गाणी ते बिटटोरंट या फाइल वाटायच्या पद्धतीने इतरांना देऊ लागले, पण अपलोड काही होईना. जोडणी जुळायची आणि लगेच तुटायची. मग त्यांनी येणारं-जाणारं प्रत्येक पॅकेट, म्हणजे इंटरनेटवरून जाणारा माहितीचा प्रत्येक छोटा तुकडा, नोंदवून तपासलं. जोडणी तोडत होतं ते 'रीसेट' पॅकेट. त्यावर पत्ता समोरच्या कॉम्प्युटरचा होता, पण ते त्याने पाठवलेलंच नव्हतं.

इंटरनेटवरच्या बहुतेक जोडण्या टीसीपी या नियमावलीने चालतात. तिच्या प्रत्येक पॅकेटच्या माथ्यावर 'आरएसटी' नावाचा एक बिट असतो. तो १ झाला की घेणारा कॉम्प्युटर जोडणी तिथेच बंद करतो, उलट विचारत नाही. पॅकेट खरंच त्याच माणसाकडून आलं का, हेही टीसीपी पडताळत नाही. चालू संवादाशी क्रमांक जुळला की झालं. हा क्रमांक बाहेरच्याला ओळखणं अवघड, पण वाटेत बसलेल्याला तो समोरच दिसतो. पोस्टमननेच तुमची पत्रं वाचावीत आणि तुमच्या अक्षरात 'आता पत्र पाठवू नका' असं दोन्हीकडे लिहून टाकावं, तसा हा प्रकार.

वाटेत बसलेली कंपनी होती कॉमकास्ट, म्हणजे टोपोल्स्कींना इंटरनेट पुरवणारी केबल कंपनी, आणि रीसेट पाठवणारी यंत्रणा सँडवाइन कंपनीची. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने बायबलची किंग जेम्स आवृत्ती बिटटोरंटवरून पाठवून पाहिली. ती कुणाच्या चोरीचा माल नव्हे, म्हणूनच निवडलेली. दोन्ही टोकांच्या नोंदी शेजारी ठेवल्या, तेव्हा दोघांनाही रीसेट मिळालं होतं आणि दोघांपैकी कुणीही ते पाठवलं नव्हतं. १९ ऑक्टोबर २००७ रोजी बातमी आली.

कॉमकास्टची अडचण खोटी नव्हती, हे मान्य करायला हवं. केबल इंटरनेटमध्ये एका वस्तीतली घरं एकच वाहिनी वाटून घेतात, आणि तिचा अपलोडचा भाग डाउनलोडपेक्षा बराच अरुंद असतो. घरातली माणसं बघतात जास्त, पाठवतात कमी, हे गृहीत धरून ती आखलेली. बिटटोरंटमध्ये मात्र फाइल घेणारा प्रत्येक जण तिचे तुकडे इतरांना देतही असतो, तेही एकाच वेळी अनेकांना. टीसीपी गर्दीत जागा वाटते ती साधारण जोडणीगणिक, माणसागणिक नाही. मग तीस जोडण्या उघडणाऱ्याला एका जोडणीवाल्या शेजाऱ्यापेक्षा कितीतरी मोठा वाटा मिळतो. शेजाऱ्याची तक्रार रास्तच.

पण त्यावर बनावट पॅकेट हा उपाय मला अक्षम्य वाटतो. गर्दी नसतानाही जोडण्या तोडल्या जात होत्या, आणि ग्राहकाला पत्ता नव्हता. तो आपलाच कॉम्प्युटर दुरुस्त करत बसायचा. अमेरिकेच्या एफसीसी या दूरसंचार नियामकाने १ ऑगस्ट २००८ रोजी तीन विरुद्ध दोन मतांनी कॉमकास्टला दोषी धरलं. एप्रिल २०१० मध्ये अपील न्यायालयाने तो आदेश रद्द केला. कारण इतकंच, की असा आदेश द्यायचा अधिकार एफसीसीला कायद्याने दिलेला आहे, हे तिला दाखवता आलं नाही.

तोवर कॉमकास्टने पद्धत बदललीही होती, आणि नवी पद्धत उघडपणे लिहून ठेवली. वस्तीची अपलोड वाहिनी सलग १५ मिनिटं ७० टक्क्यांवर भरलेली असली, आणि त्याच काळात एखादा ग्राहक आपल्या घेतलेल्या वेगाच्या ७० टक्क्यांहून जास्त वापरत असला, तर त्याची पॅकेट रांगेत इतरांच्या मागे जायची. त्याचा वापर ५० टक्क्यांखाली आला की तो पुन्हा पूर्ववत व्हायचा. तो गाणी पाठवतोय की ऑफिसच्या फाइली, हे बघायची गरजच पडत नसे.

बिटटोरंटवाल्यांनीही आपल्या बाजूने काम केलं. पाठवण्याचा वेग ठरवणारी त्यांची 'लेडबॅट' ही पद्धत पॅकेट पोहोचायला लागणारा वेळ सतत मोजतो. रांगेतला उशीर १०० मिलिसेकंदांकडे जाऊ लागला की ती स्वतःच वेग उतरवते आणि शेजाऱ्याच्या व्हिडिओ कॉलला वाट देते. २०१२ मध्ये इंटरनेटचे नियम ठरवणाऱ्या आयईटीएफ संस्थेने तिचं वर्णन आरएफसी ६८१७ या दस्तऐवजात प्रसिद्ध केलं.