सिबिल घसरलंय? आधी अहवाल नीट करा, मगच नवं कर्ज घ्या

जून उजाडला की मराठवाड्यातल्या बँक शाखांत एकच वाक्य कानावर पडतं, 'तुमचं सिबिल बसत नाही', म्हणजे कर्जफेडीच्या नोंदींवरून ठरणारा तुमचा स्कोअर कमी आहे. सोयाबीनचं बियाणं घ्यायच्या ऐन वेळी हे ऐकलेला माणूस मग एक तर सावकाराकडे जातो, नाहीतर 'सिबिल वाढवून देतो' म्हणणाऱ्या एजंटाच्या हाती पैसे ठेवतो. या दोघांचीही गरज नाही. स्कोअर सुधारतो, फक्त क्रम पाळावा लागतो. आधी अहवाल, म्हणजे तुमच्या सगळ्या कर्जांच्या नोंदींचा उतारा, मग थकबाकी आणि शेवटी नवं कर्ज. बहुतेक जण नेमके उलटे जातात, म्हणून फसतात.

अहवाल देणाऱ्या संस्था चार आहेत : ट्रान्सयुनियन सिबिल, इक्विफॅक्स, एक्सपीरियन आणि क्रिफ हाय मार्क. रिझर्व्ह बँकेच्या नियमानुसार प्रत्येकीने वर्षातून एकदा पूर्ण अहवाल फुकट द्यायचा आहे. संस्थेच्या अधिकृत संकेतस्थळावर पॅन, जन्मतारीख, ईमेल आणि बँकेत दिलेला मोबाइल नंबर टाकला की ओटीपी येतो. मध्येच पैसे भरून घ्यायचे प्लॅन दिसतील, ते सोडून फुकटचा पर्याय निवडा. जुना नंबर बंद पडला असेल तर आधी बँकेत अर्ज देऊन तो बदलून घ्या.

स्कोअर ३०० ते ९०० च्या दरम्यान असतो आणि ७५० च्या पुढचा चांगला समजला जातो. पण नुसत्या आकड्याकडे पाहून काही कळत नाही, खाली उतरून एकेक खातं वाचा. प्रत्येक खात्याखाली महिन्यांची चौकट असते. एखाद्या महिन्यापुढे ००० असेल तर हप्ता वेळेत गेला, ०६४ असेल तर त्या महिन्यात ६४ दिवसांची थकबाकी होती. असा मागच्या ३६ महिन्यांपर्यंतचा हिशेब तिथे दिसतो. मग खात्याची स्थिती पाहा. 'क्लोज्ड' म्हणजे पूर्ण फेड. 'सेटल्ड' म्हणजे तडजोडीत कमी रक्कम भरली. 'रिटन ऑफ' म्हणजे बँकेने ते कर्ज बुडीत धरलं.

आपल्याकडे आणखी दोन ठिकाणी अडकतं. एक, जामीनदारी. भावकीतल्या कुणाच्या ट्रॅक्टरला सही केली असेल तर ते कर्जही तुमच्या अहवालात येतं आणि त्याने हप्ते तुंबवले की तुमचंही नाव खराब होतं. दुसरं, कर्जमाफी. २०१७ च्या किंवा २०१९ च्या योजनेत माफ झालेलं खातं अहवालात अजून थकीत दिसत असेल तर बँकेकडून बेबाकी दाखला, म्हणजे काही देणं उरलं नसल्याचा कागद, घ्या. आधार प्रमाणीकरणाची पावती जपून ठेवली असेल तर तीही जोडा.

नोंद चुकीची असेल तर ज्या संस्थेच्या अहवालात चूक आहे तिच्याच संकेतस्थळावर तक्रार नोंदवा. शुल्क नाही. अहवाल क्रमांक, बेबाकी दाखला, खातेउतारा आणि भरणा पावत्या लागतात. भरपाई जमा व्हावी म्हणून बँक खात्याचा किंवा यूपीआयचा तपशीलही द्या. कारण ३० दिवसांत निकाल लागला नाही, तर पुढच्या प्रत्येक दिवसाला १०० रुपये भरपाई द्यायचा नियम आहे. संस्था स्वतःहून नोंद बदलत नाही, बँकेला विचारते. म्हणून त्याच दिवशी शाखेतही लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या. तोंडी सांगितलेलं शाखा व्यवस्थापक बदलला की हवेत जातं.

नोंद खरी असेल तर थकबाकी भरण्याला पर्याय नाही. बँक एकरकमी तडजोड सुचवते, व्याज सोडते, आणि ज्याचं पीक अतिवृष्टीत गेलं त्याला ती मोठी सवलत वाटते. अगदीच गत्यंतर नसेल तर घ्या. पण 'सेटल्ड' शेरा पुढच्या प्रत्येक बँकेला दिसतो, हे माहीत असू द्या. फरकाची रक्कम नंतर भरली तर नोंद 'क्लोज्ड' करून मिळेल का, हे तडजोडीआधीच लेखी विचारा. पीककर्जाचं नवं-जुनं, म्हणजे जुनं फेडून नवं उचलणं, करतानाही मुदतीची तारीख पाळा. त्यात दुहेरी फायदा आहे : नोंद स्वच्छ राहते आणि ३ लाखांपर्यंतच्या पीककर्जावर डॉ. पंजाबराव देशमुख व्याज सवलत योजनेचा लाभही मिळतो.

आता नवं कर्ज. पडलेल्या स्कोअरला सगळ्यात सोपा आणि माझ्या मते सगळ्यात चांगला मार्ग म्हणजे मुदत ठेवीवरचं क्रेडिट कार्ड. बँकेत काही हजारांची ठेव ठेवायची, तिच्यावर ठेवीपेक्षा थोड्या कमी मर्यादेचं कार्ड मिळतं. वय १८ पूर्ण, आधार, पॅन, फोटो आणि ठेवीची पावती एवढ्यावर काम होतं. ठेवच तारण असल्याने उत्पन्नाच्या दाखल्यासाठी सहसा अडत नाही. कार्डावर दरमहा किराणा किंवा डिझेल एवढंच घ्या, मर्यादेच्या ३० टक्क्यांच्या आत राहा आणि बिल देय तारखेआधी पूर्ण भरा. 'किमान रक्कम' भरून भागवलं तर व्याज चढत जातं. एटीएममधून त्या कार्डाने रोख काढूच नका.

सोनेतारण हा दुसरा मार्ग. आधार, पॅन आणि दागिने. सोन्याची पारख तुमच्या डोळ्यांदेखत झाली पाहिजे आणि वजन, कॅरेट लिहिलेली पावती हाती आली पाहिजे. मासिक हप्त्याचं कर्ज मागा. वर्षाअखेरीला एकदम फेडायच्या कर्जात दरमहा वेळेवर भरल्याची नोंद साचत नाही.

बायकांसाठी बचत गट आहेच. सहा महिने पंचसूत्री (नियमित बैठक, बचत, अंतर्गत कर्ज, परतफेड आणि हिशेब) पाळून चाललेला गट बँक कर्जासाठी अर्ज करू शकतो. गटाचा ठराव, बैठकीचं इतिवृत्त, बचत खात्याचं पासबुक आणि सदस्यांची आधार-पॅन कागदपत्रं लागतात. पतसंस्थेचं कर्ज मात्र विचारपूर्वक घ्या. बऱ्याच पतसंस्था परतफेडीची माहिती या चार संस्थांना कळवत नाहीत, त्यामुळे कितीही नियमित भरलं तरी स्कोअरला त्याचा उपयोग होत नाही. 'माहिती सिबिलला जाते का' हे सही करण्याआधी विचारायचं. मोबाइलवरच्या कर्ज ॲपबाबत तर आधी मागं कोणती नोंदणीकृत वित्तसंस्था आहे ते पाहा. एकाच आठवड्यात चार ठिकाणी अर्ज टाकू नका, प्रत्येक चौकशी अहवालात उमटते.

हप्ते वेळेवर जात राहिले की काही महिन्यांत आकडा हलू लागतो. महिनाभरात १०० गुण वाढवून देतो म्हणणारा खोटं बोलतो. खरी नोंद कुणालाही पुसता येत नाही.

राहता राहिलं पीककर्ज. २ लाखांपर्यंत शेतीकर्जाला तारण मागता येत नाही. पीककर्जासाठी सिबिलची अट घालू नका, असं राज्य सरकारनेही बँकांना बजावलं आहे. तरीही नकार मिळाला तर सातबारा, आठ अ, आधार, पॅन, पासबुकाची प्रत जोडून अर्ज आवक करा आणि नकाराचं कारण लेखी मागा. ते कागद घेऊन जिल्ह्याच्या अग्रणी बँकेच्या व्यवस्थापकाकडे जाता येतं. बँकेने किंवा अहवाल देणाऱ्या संस्थेने तक्रारीवर ३० दिवसांत दाद दिली नाही तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा टोल फ्री क्रमांक आहे, तिथे मराठीतही बोलता येतं.