दोन हजारची नोट रद्दी नाही

कपाटातल्या जुन्या पर्सेत दोन हजारची गुलाबी नोट सापडली की म्हापशाच्या बाजारात एकच उत्तर मिळतं: "ती बंद झाली, सरकार रोखच बंद करतंय." दोन्ही चूक. 8 नोव्हेंबर 2016 ला पाचशे-हजारच्या जुन्या नोटांची वैधताच गेली होती. 19 मे 2023 ला दोन हजारची नोट फक्त चलनातून मागे घेतली. ती अजून वैध आहे. दुकानदार घेत नाही, ती गोष्ट वेगळी.

गोंधळ होतो तो बँकेत. 7 ऑक्टोबर 2023 नंतर शाखा ती नोट घेत नाहीत. आता ती रिझर्व्ह बँकेच्या 19 इश्यू कार्यालयांत (नोटा चलनात आणणाऱ्या कार्यालयांत) जाते, आणि त्यांत पणजी नाही! जवळचं म्हणजे नवी मुंबईतलं बेलापूर. एका नोटेसाठी तिकडे कोण जाणार? म्हणून पोस्ट बरं: अर्ज, ओळखपत्राची प्रत, पासबुकाच्या पानाची प्रत आणि नोटा, सगळं विमा उतरवलेल्या टपालाने. पैसे थेट खात्यात येतात. साध्या पाकिटात नोट घालू नका. हरवली तर भरपाई नाही. खाते क्रमांक दोनदा तपासा.