श्वान वर्तन आणि पाळीव प्राणी संगोपन: नाशिकमधून दूरशिक्षणासाठी अर्ज कसा करावा

नोकरी चालू आहे, घर सोडता येत नाही, पण कुत्र्यांबरोबर काम करायची मनापासून इच्छा आहे, अशांसाठी पाळीव प्राण्यांचं संगोपन आणि श्वान वर्तन यांचे दूरशिक्षण अभ्यासक्रम खरोखर उपयोगी आहेत. मात्र या प्रमाणपत्रावर प्राण्यांवर उपचार करता येत नाहीत, हे पैसे भरण्याआधीच पक्कं समजून घ्या. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार तो अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकाचा. त्यासाठी लागणारी बी.व्ही.एस्सी. अँड ए.एच. ही साडेपाच वर्षांची पदवी प्रत्यक्ष महाविद्यालयात जाऊनच करावी लागते. प्रवेश नीटच्या गुणांवर. दूरशिक्षण करून तुम्ही प्रशिक्षक होऊ शकता, ग्रूमिंग (अंघोळ, केस-नखं कापणं) किंवा बोर्डिंगचं (मालक बाहेरगावी असताना प्राणी सांभाळण्याचं) काम करू शकता, दवाखान्यात मदतनीस म्हणून लागू शकता. ‘घरबसल्या डॉक्टर व्हा’ अशी जाहिरात दिसली तर पुढे वाचूच नका.

आता मान्यतेचं. दूरशिक्षण म्हटलं की नाशिककरांना गोवर्धनचं यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आठवतं. मुक्त विद्यापीठात पदवीला प्रवेश घ्यायचा असेल तर आधी डिजिलॉकरवरून एबीसी आयडी (शैक्षणिक क्रेडिट जमा होणाऱ्या खात्याचा क्रमांक) काढावा लागतो, मग यूजीसीच्या (विद्यापीठ अनुदान आयोगाच्या) पोर्टलवर डीईबी आयडी, म्हणजे दूरशिक्षण घेणाऱ्या विद्यार्थ्याचा नोंदणी क्रमांक. श्वान वर्तनाचे बरेचसे अभ्यासक्रम मात्र खासगी संस्थांचे किंवा परदेशी असतात. त्यांना हे दोन्ही आयडी लागत नाहीत. म्हणूनच तिथे पारख आपली आपणच करायची. ब्रिटिश अभ्यासक्रम घेत असाल तर ऑफक्वाल या इंग्लंडच्या नियामक संस्थेची नोंदवही इंटरनेटवर सर्वांना खुली आहे. संस्थेकडून अर्हतेचा क्रमांक मागा आणि तिथे तपासा. संस्था नावाजलेली असली म्हणजे तिचा प्रत्येक अभ्यासक्रम नोंदवहीत असतोच असं नाही. तिथली तिसरी पातळी (लेव्हल ३) साधारण आपल्या बारावीच्या तोडीची.

पात्रतेच्या अटी संस्थेनुसार बदलतात. प्राथमिक प्रमाणपत्राला अनेकदा शिक्षणाची अट नसते, वरच्या पातळीला दहावी-बारावी किंवा कामाचा अनुभव विचारतात. इंग्रजीतून स्वाध्याय लिहिता येणं मात्र गरजेचं आहे. त्याचा अंदाज घ्यायला एडिनबरा विद्यापीठाचा प्राणी वर्तन आणि कल्याणावरचा कोर्सेरा या ऑनलाइन शिक्षणाच्या संकेतस्थळावरील अभ्यासक्रम आधी करून पाहा.

कागदपत्रं फार नाहीत: आधार किंवा पासपोर्ट, दहावी-बारावीच्या गुणपत्रिका, फोटो, असल्यास अनुभवाचं पत्र. अडतं ते नावात. आपल्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी, मग स्वतःचं आणि वडिलांचं नाव. पासपोर्टवर आडनाव वेगळ्या रकान्यात. अर्जात पासपोर्टप्रमाणे नाव लिहा, कारण प्रमाणपत्रावर तेच छापून येतं. लग्नानंतर नाव बदललं असेल तर विवाह प्रमाणपत्र किंवा राजपत्राची प्रत जोडा. मराठी दाखला असेल तर त्याचं इंग्रजी भाषांतर नोटरीकडून साक्षांकित करून घ्या.

परदेशी फी कार्डाने भरताना बँकेच्या ॲपमध्ये आंतरराष्ट्रीय व्यवहार सुरू करावे लागतात. बँकेतून पैसे पाठवायचे तर पॅन आणि ए-२ फॉर्म (परदेशात पैसे पाठवण्याचा बँकेचा अर्ज) लागतो. भरण्याआधी परताव्याचे नियम लेखी घ्या.

सर्वांत जास्त विचार प्रात्यक्षिकाचा करा. कान मागे घेणं, ओठ चाटणं, मान वळवणं, अंग ताठ होणं ही भीतीची लक्षणं पुस्तकात वाचून कळतात, पण गुरगुरण्याआधीच्या त्या क्षणभरात ओळखता यायला शेकडो कुत्री बघावी लागतात. पिल्लाच्या तिसऱ्या ते साधारण बाराव्या-चौदाव्या आठवड्यातला सामाजिकीकरणाचा काळही प्रत्यक्ष पाहावा असा. ज्या अभ्यासक्रमात केस डायरी (हाताळलेल्या प्रत्येक कुत्र्याची नोंद), व्हिडिओ स्वाध्याय आणि पर्यवेक्षकाची सही मागतात, तोच निवडा, थोडा महाग असला तरी. अर्जाआधीच गंगापूर रोड, इंदिरानगर, नाशिकरोड असा जिथे राहता तिथल्या पशुवैद्यकांना भेटा आणि आठवड्यातून काही तास काम करू देण्याबद्दल संमतीपत्र घ्या. शिक्षा करून, गळ्याला झटके देऊन शिकवणाऱ्या प्रशिक्षकाकडे हे तास घालवू नका. घाबरलेलं कुत्रं शिकत नाही, फक्त गप्प होतं, आणि पुढे कधीतरी चावतं.

काम सुरू करण्यापूर्वी डॉक्टरांच्या सल्ल्याने रेबीजची प्रतिबंधक लस घ्या: पहिल्या मात्रेनंतर सातव्या दिवशी दुसरी, २१व्या किंवा २८व्या दिवशी तिसरी. हे डोस झालेले असले तरी चावा लागल्यास जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटं धुवून लगेच दवाखान्यात जायचं आणि लसीकरणाचं कार्ड सोबत न्यायचं.